चाकोबाचा उसासा

"गप बसा! कुणी खोकायचं न्हाय! देव आता श्वास सोडणार हाय!"

बापूमहाराजांच्या चेल्यानं अशी तंबी दिली आणि चाकोबाच्या माळावर जमलेली चार-पाचशे माणसं खरोखरच खोकायची थांबली. मार्गशीर्षातली सकाळ होती. वारा झोंबत होता, म्हाताऱ्यांनी घोंगड्या डोक्यावरून घेतल्या होत्या. गर्दीच्या मधोमध जोतिरामची इंजिनवाली सायकल उभी होती. जोतिराम मेंढरं राखतो. अर्ध्या तासापूर्वी हीच सायकल माळावरची पूजा उरकून फटफटत खाली गेली होती. दीड किलोमीटरवर ईरम्माच्या वळणावर ती बंद पडली आणि दहा जणांनी ती ढकलत पुन्हा चढावर आणली होती.

महाराजांनी डोळे मिटले. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर तळहात ठेवला आणि सुरू झाले.

"हे चाकोबा! तू चाकात हायेस, तू चेनमध्ये हायेस! प्लगातली ठिणगी तू, धुराड्यातला धूर तू! तुझ्या नरड्यावर कुणाची नजर बसलीय रं देवा? सोड, सोड, भक्ताची गाडी सोड!"

मग त्यांनी झाकण हळूहळू फिरवलं. आणि टाकीतून आवाज आला. सूऽऽऽऽ! कुणीतरी खूप वेळ कोंडलेला श्वास सोडावा तसा.

"सोडलं!" महाराज गरजले. चेल्यानं दोरी ओढली. इंजिन फट्‌फट्‌ करत चालू झालं. अंबुबाई नावाची मेंढपाळांतली म्हातारी हमसून हमसून रडायला लागली, तीन बाजूंनी तीन मोबाइल उंच झाले आणि हळदीचा भंडारा इतका उधळला की माझ्या नाकातोंडात गेला.

"कुणाची नजर व्हती म्हाराज?" चेल्यानं विचारलं. जसं काही त्याला ठाऊकच नव्हतं.

"मी कुणाचं नाव घेत न्हाय," महाराज म्हणाले. "गाडी कुटं बंद पडली, तेवडं तुमीच सांगा."

"ईरम्माच्या वळणावर!" सगळा माळ ओरडला.

ईरम्मा ही माझी सख्खी थोरली बहीण. मी तिला अक्का म्हणते. त्या गर्दीत मी उभी होते आणि माझ्या पिशवीत तेरा नंबरचा पाना होता. तो मी त्या दिवशी महाराजांच्या टाळक्यात घातला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. ही गोष्ट मी शांतपणे सांगणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझं नाव महेश्वरी. सोलापूरच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या वर्गात मी एकटी मुलगी होते. गेली वीस वर्षं मल्लनकेरीत माझं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. गाव अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकच्या हद्दीला लागून. निम्मं गाव घरात कन्नड बोलतं आणि बाजारात मराठी. सहा वर्षांपूर्वी एका मोडक्या पंपाचं इंजिन मी जुन्या सायकलच्या मागच्या चाकावर बसवून पाहिलं. इंजिनाच्या दांड्यावर रबराचा रोलर, रोलर टायरला टेकलेला. इंजिन फिरलं की रोलर फिरतो आणि रोलर चाकाला फिरवतो. इंजिनाच्या वर एक लिटरची पत्र्याची टाकी आणि तिच्यातून एक नळी खाली कार्बोरेटरला. पंप नाही, काही नाही, पेट्रोल आपल्या वजनानं खाली उतरतं. एवढंच ते यंत्र. पण त्यानं मेंढक्यांची पायपीट वाचली, दुधाच्या किटल्या वेळेवर डेअरीत जाऊ लागल्या. आजवर बावन्न सायकली मी केल्या. प्रत्येक टाकी माझ्या हातची, प्रत्येक झाकण माझ्या हातचं.

बापूमहाराज दोन वर्षांपूर्वी माळावर आले. लिंबाखाली एक गोल दगड पडला होता. त्याला शेंदूर फासून त्यांनी त्याचा चाकोबा केला. चाकांचा देव. गाडीवाल्यांनी दर शनिवारी यावं, गाडीची पूजा करून घ्यावी. अट एकच, "देवापुढं रिकामं येऊ नये, टाकी काठोकाठ भरून यावं." महाराज स्वतःच्या अंगठ्यानं झाकणावर शेंदूर लावायचे. त्याला म्हणायचे मुद्रा. ती पुसायची नाही, पुसली तर घात होतो. उन्हाळ्याचे तीन महिने मात्र पूजा बंद. देव त्या वेळी योगनिद्रेत जातात म्हणे.

अक्काला हसू आवरलं नाही. ती भर बाजारात बोलून गेली, "कसला चाकोबा? फुटक्या जात्याचा खालचा दगड हाय त्यो. माझ्या सासूनंच टाकलाय तितं. इचारा की जुन्या माणसास्नी."

जुन्या माणसांना आठवत होतं, पण एकानंही तोंड उघडलं नाही. त्यात अक्काचं घर रस्त्याच्या वळणावर, मोक्याच्या जागी. नवरा वारल्यावर तिथंच तिनं चहा-भाकरीचं हॉटेल टाकलं होतं. ती जागा महाराजांनी भक्तनिवासासाठी मागितली होती आणि अक्कानं हातातलं लाटणं न थांबवता नाही म्हटलं होतं. त्यानंतरच्या हिवाळ्यात माझ्या सायकली वळणावर बंद पडू लागल्या.

दर शनिवारी दोन, कधी तीन. माळावरून निघायच्या, दीड किलोमीटर चालायच्या आणि बरोब्बर अक्काच्या दारात मान टाकायच्या. मग ढकलत माळावर न्यायच्या, महाराज झाकण उघडणार, देव उसासा सोडणार, गाडी चालू. एवढ्या साक्षी-पुराव्यानं सिद्ध झालेला चमत्कार कोण नाकारणार? पहिल्यांदा अक्काच्या हॉटेलात येणारं गिऱ्हाईक बंद झालं. मग बायका तिच्याबरोबर पाण्याला जाईनात. मग पत्र्यावर दगड पडू लागले. एकदा दाराला काळी बाहुली बांधलेली सापडली. शेवटी चावडीत बैठक भरली आणि ठरलं की मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येच्या आत ईरम्मानं घर सोडून गावाबाहेर जायचं. अमावास्येच्या आदल्या दिवशी महाराज स्वतः मिरवणुकीनं येऊन, तिची नजर बांधायला, तिच्या उंबऱ्यात खिळा ठोकणार. त्या ठरावाच्या वेळी ज्यांनी हात वर केले, त्यांच्यापैकी निम्म्यांनी अक्काच्या हातचा चहा उधारीवर प्यायला होता.

आणि मी, वीस वर्षांच्या अनुभवाची मिस्त्रीण, काय करत होते? दोष शोधत होते. प्लग बदलले, कार्बोरेटर धुतले, पॉइंट घासले. काही सापडेना. सापडणार कसं? दुकानात बंद गाडी आली की कुठलाही मिस्त्री पहिलं काम काय करतो? झाकण उघडून बघतो, पेट्रोल आहे का. मीही तेच करत होते. आणि झाकण उघडलं की दोष निघून जात होता. माझ्या हाताच्या सवयीनंच मी चोर पळवून लावत होते.

तो सापडला जोतिराममुळे. अमावास्येला आठ दिवस राहिले असतील. शनिवारी भर दुपारी तो पुन्हा बंद पडलेली सायकल ओढत माझ्या दुकानात आला. त्याच्या दोन मेंढ्या व्यायला झाल्या होत्या, चढ चढून माळावर जायला त्याला वेळ नव्हता.

"ताई, चालू करून दे. पर झाकणाला हात लावू नगंस. मुद्रा हाय म्हाराजांची."

"मग पेट्रोल आहे का कसं बघू?"

"काठोकाठ हाय की. हलवून बघ."

हलवलं तर आत डचमळलं. झाकण बंद ठेवायचं म्हणून मी खालून सुरुवात केली. कार्बोरेटरकडची नळी उपसली. नळीतून दोन थेंब पडले आणि धार थांबली. टाकी भरलेली, नळी मोकळी, तोटी उघडी, आणि पेट्रोल खाली उतरत नव्हतं.

मी झाकणाकडे पाहिलं. प्रत्येक झाकणाच्या मधोमध मी एक बारीक भोक पाडते, दाभणाच्या टोकाएवढं. पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा वरून आत यायला पाहिजे, म्हणून. त्या भोकावर शेंदराचा जाड थर बसला होता. नखानं खरवडून पाहिला. नुसता तेलातला शेंदूर असा घट्ट बसत नाही. त्यात मेण होतं.

मी पदराची पिन काढली आणि भोकात खुपसली.

सूऽऽऽऽ! हवा आत शिरली आणि खालच्या नळीतून पेट्रोलची धार माझ्या पायावर आली.

जोतिरामनं झटकन हात जोडले. "आला! द्येव आला! ताई, तुझ्या दुकानात द्येव आला की!"

"हो, आला," मी दात-ओठ खाऊन म्हटलं. त्याला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो मेंढ्या सोडून आधी महाराजांकडे विचारायला पळाला असता.

तो गेल्यावर मी माझ्या सायकलची टाकी काठोकाठ भरली, झाकणाचं भोक मेणानं बुजवलं आणि निघाले. दीड किलोमीटरला इंजिन मेलं. पुन्हा भरली, पुन्हा बुजवली, आता उलट्या दिशेच्या रस्त्यानं गेले. पुन्हा दीड किलोमीटरच्या आसपास. तिथं ना अक्का होती, ना तिचं घर. एक बाभळ होती. टाकी तीच, इंजिन तेच, पेट्रोल काठापर्यंत तेवढंच, मग दम तेवढ्याच अंतरावर कोंडणार. टाकी अर्धी असली तर आतल्या हवेवर गाडी आणखी लांब जाते, म्हणून महाराजांना टाक्या भरलेल्या लागत. उन्हाळ्यात टाकी तापते, पेट्रोलची वाफ आतून दाब देते आणि गाडी बंदच पडत नाही, म्हणून देवाला योगनिद्रा! ज्याला मर्जीत ठेवायचं त्याला शेंदूर भोकाच्या बाजूला, ज्याची गाडी पाडायची त्याला भोकावर. उसासा सोडवताना तोच थर नखानं हळूच खरवडला की गाडी पुढं चालायची. हा माणूस कधीतरी गॅरेजात काम केलेला होता, याची मला खात्री पटली. भोक मी पाडलं होतं आणि त्यानं त्यात माझ्या बहिणीचा गळा अडकवला होता.

त्याच संध्याकाळी मी अक्काकडे गेले. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. गिऱ्हाईक नव्हतं तरी सवयीनं आठ-दहा भाकऱ्या थापायची आणि कुत्र्यांना घालायची. मी तिला सगळं सांगितलं. तिला समजायला क्षणही लागला नाही.

"म्हंजे तेलाच्या डब्याला एकच भोक पाडल्यावानी," ती म्हणाली. "तेल भाईर येतच न्हाय. दुसरं पाडलं की बदाबदा येतं."

"तेच! मी आत्ताच्या आत्ता चावडीत जाऊन सांगते सगळ्यांना."

"सुम्ने! गप बस," अक्का नेहमीसारखी कन्नडात दटावत म्हणाली. "सांगून कोण ऐकतंय? भन हाय म्हणून बोलती म्हणतील. त्येनं मला गावापुढं उभं केलंय न्हवं? मग त्येला बी गावापुढंच उभं करायचं. त्येचीच गाडी माझ्या दारात बंद पडू दे."

तिच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच ते पाहिलं. दोन महिने ती रडली नव्हती, भांडली नव्हती. आता कळलं, ती साठवत होती. मला फार बरं वाटलं. काही लोक म्हणतात सूड वाईट असतो. त्यांच्या पत्र्यावर कुणी दगड मारलेले नसतात.

अमावास्येच्या आदल्या दिवशी माळावर जत्राच भरली. महाराजांची सायकल सोनेरी रंगानं रंगवलेली होती. रंग त्यांचा, पण इंजिन, टाकी, झाकण माझं. एका भक्तानं माझ्याकडून घेऊन त्यांना वाहिलेली. झाकणाला शेंदराचा नाजूक ठिपका, अगदी कडेला. महाराजांची गाडी आजवर कधीच बंद पडली नव्हती.

मी गर्दीतून पुढं गेले आणि त्यांच्या पायाशी बसले.

"महाराज, चुकले. माझ्या हातच्या गाड्या देवाला तरास देतात. आज तुमच्या गाडीची पूजा माझ्या हातून होऊ द्या."

महाराजांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "बघा!" ते लोकांना म्हणाले. "चाकोबा भल्याभल्यांस्नी वाकवतो. कर बाई, कर पूजा."

"आधी टाकी भरते. देवापुढं रिकामं येऊ नये, व्हय न्हवं?" मी मोठ्यानं म्हटलं.

"न्हाय न्हाय, हाय तेवडं पुरं..."

पण अंबुबाईनं तोवर आपला कॅन पुढं केला होता. "असं कसं म्हाराज? तुमचाच नियम हाय की!" टाकी काठोकाठ भरली. मी झाकण लावलं; जोतिराम दोरी धरून शेजारीच उभा होता. मग त्यांच्याच ताटातला, त्यांनीच मेण कालवलेला शेंदूर अंगठ्यावर घेतला आणि झाकणाच्या मधोमध दाबला. एकदा, दोनदा, तीनदा.

महाराजांचा चेहरा उतरला. ते खाली वाकले आणि दातांतल्या दातांत म्हणाले, "ए, भोकावर लावू नगंस!"

"काय म्हणालात महाराज?"

"थोडा... थोडाच लाव म्हणलं."

"देवाच्या शेंदराला थोडा-जास्त काय आलं?" मी म्हटलं आणि चौथ्यांदा दाबला.

त्यांनी उपरण्याचं टोक झाकणाकडे नेलं. अंबुबाई किंचाळली, "म्हाराज! मुद्रा पुसू नगा! घात व्हतो!" पाचशे डोळे त्यांच्या उपरण्यावर खिळले. हात तिथंच थबकला. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं, आणि एक अक्षर बोलायची सोय नव्हती. तो क्षण मला पुन्हा पुन्हा आठवतो आणि दर वेळी तितकाच आनंद होतो.

"आज... आज चालत जावं म्हणतो. देवाचा तसा कौल हाय," महाराजांनी शेवटचा प्रयत्न केला.

"नारळ फुटलाय म्हाराज, आता गाडीवरनंच!" लोकांनी त्यांना उचलून बसवलं आणि जोतिरामनं दोरी ओढली.

मिरवणूक निघाली. पुढं हलगी, मध्ये सोनेरी सायकल, मागं सगळं गाव. महाराज दर दहा पावलांनी झाकणाकडे बघत होते. मी शेजारून चालत होते, त्यांचा हात झाकणाशी जाऊ नये म्हणून. वळण आलं, अक्काचं घर दिसलं, इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि मेलं.

हलगी थांबली. आणि मी ज्याचा विचारच केला नव्हता ते घडलं.

"म्हाराजांची बी गाडी पाडली तिनं!" कुणीतरी ओरडलं. "बाहेर काढा तिला!" एक दगड पत्र्यावर वाजला, मग दुसरा. महाराजांना तर आयतीच संधी मिळाली. त्यांनी हात वर केले. "बघितलं? माझ्यावर बी नजर टाकली! थांबा, आधी देवाचा श्वास मोकळा करतो..." आणि त्यांचा हात झाकणाकडे गेला.

मी त्यांचं मनगट धरलं. वीस वर्षं पाने फिरवलेला हात आहे माझा. सुटलं नाही.

"जोतिराम," मी ओरडले, "मघाशी महाराज काय म्हणाले? तू दोरी धरून शेजारीच होतास. खरं सांग."

जोतिराम गडबडला. "भोकावर लावू नगंस म्हणले."

"कसलं भोक?"

त्यानं महाराजांकडे पाहिलं. "व्हय की. म्हाराज, कसलं भोक?"

महाराजांनी मनगट सोडवायला हिसका दिला. तेवढ्यात अक्का दार उघडून बाहेर आली. तिच्या हातात नवाकोरा, बंद तेलाचा डबा होता. कपाळाशेजारून एक दगड गेला, तिनं मान हलवली नाही. डबा ओट्यावर ठेवला, खिळा घेतला आणि एका कोपऱ्यात एक भोक पाडलं. डबा आडवा केला. तेल दोन थेंब गळलं आणि थांबलं.

"अंबुबाई," ती म्हणाली, "तू घरी काय करतीस असा डबा अडला की?"

"दुसरं भोक पाडते," अंबुबाईच्या तोंडून निघून गेलं.

"का? डब्याला माझी नजर लागली व्हय?"

अक्कानं दुसऱ्या कोपऱ्यात खिळा ठोकला. तेलाची धार सरळ ओट्यावरून खाली आली.

आता माझी पाळी होती. मी सोनेरी सायकलची नळी उपसली. दोन थेंब, बस. जोतिरामला टाकी हलवायला लावली, भरलेली. त्याच्या हातात पिन दिली. "टोच. मंत्र म्हणू नकोस, काही नको. नुसतं टोच."

त्यानं टोचलं. सूऽऽऽऽ! आणि पेट्रोल धो धो वाहिलं.

"हा तुमचा देवाचा उसासा," मी म्हटलं. "झाकणाच्या भोकातून हवा आत जाते त्याचा आवाज. भोक मी पाडते, शेंदूर-मेणानं ते बुजवतात. गाडी दीड किलोमीटरवर दम कोंडून मरते. पलीकडच्या रस्त्यानं गेलात तर बाभळीपाशी मरते. तिथं खिळा ठोकायला जाणार का?"

त्यांनी लगेच विश्वास ठेवला नाही. बरं झालं. चौघांनी आपापल्या झाकणावर शेंदूर फासला, नळ्या काढल्या, स्वतःच्या हातानं टोचून पाहिलं. चार वेळा उसासा आला, तोही महाराजांशिवाय. चौथ्या उसाशाला लोक महाराजांकडे वळले. चेला केव्हाच पसार झाला होता. जोतिरामनं महाराजांचं उपरणं धरून पिळलं आणि कुणीतरी तोच दगड उचलला जो मघाशी अक्काच्या पत्र्यावर पडला होता. खरं सांगते, माझं मन म्हणत होतं, मारा.

"हात लावायचा न्हाय!" अक्का ओरडली.

लोकांना वाटलं, ईरम्मा दयाळू. एक जण तिच्या पाया पडायला वाकली. अक्कानं पाय मागे घेतला.

"ह्येला मारायचं आन घरी जाऊन भाकरी खायची? मग तुमी सुटला. मी तुमाला सोडत न्हाय. बाईला करणीवाली म्हणून गावाभाईर काढणं गुन्हा हाय, कायदा हाय त्येला. ह्येला आता तालुक्याच्या ठाण्यात न्यायचं आन ज्येनं ज्येनं माझं नाव घेतलं, दगूड मारला, हात वर केला, त्येनं तितं सोताच्या तोंडानं सांगायचं."

दगड मारायला सगळे पुढं होते. साक्ष द्यायचं म्हटल्यावर रस्ता रिकामा होऊ लागला. कुणाला म्हशीची धार काढायची होती, कुणाच्या घरी अमावास्येची तयारी होती. शेवटी मी फोन करून बोलावलेल्या पोलीस गाडीनं महाराजांना नेलं आणि ठाण्यापर्यंत आले फक्त अकरा जण. पहिला जोतिराम. त्यानं सांगितलं, "दोन दगूड मी मारले." अंबुबाईनं सांगितलं, बाहुली तिनं बांधली होती. अक्का तिच्याकडे बघत राहिली, पण धीर देणारं काही बोलली नाही. जे आले नाहीत त्यांची नावं अक्कानं एकेक करून पाठ म्हटल्यासारखी सांगितली. हवालदाराचा हात दुखायला लागला.

"झाली सगळी?" त्यानं विचारलं.

"एक हाय अजून," अक्का म्हणाली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पर ते मी लिवून देत न्हाय. ते जिचं तिलाच लिवू दे."

मी ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, वरही लिहिलं नाही. दोष सापडत नव्हता त्या दिवसांत, एका शनिवारी, मला दुरुस्त केलेली सायकल पोचवायची होती. वळणाचा रस्ता जवळचा. मी कॅनॉलच्या लांबच्या रस्त्यानं गेले. उगाच गाडी बंद पडायला नको, म्हणून. माझी बहीण दारात उभी असेल, म्हणून. अक्कानं मला लांबून पाहिलं होतं आणि दोन महिने एका शब्दानं विचारलं नव्हतं. तर लिहा हवालदारसाहेब, शेवटचं नाव महेश्वरी. आयटीआय पास.

यंत्र शिकलेली मी जर तिथवर घसरले, तर तुम्ही कोण लागून गेलात? म्हणून सांगते. गाडी बंद पडली तर नळी काढा, झाकण बघा, मिस्त्रीला विचारा. मिस्त्रीला सापडलं नाही तर 'अजून सापडलं नाही' म्हणा आणि पुन्हा शोधा, त्यात कसलीच लाज नाही. दुसऱ्या रस्त्यानं जाऊन बघा, दुसऱ्या टाकीनं बघा, जे महाराज झाकणाला हात लावू देत नाहीत त्यांचं झाकण आधी उघडा. पण कारण मिळत नाही म्हणून बाईचं नाव घेऊ नका. अक्का आता माझ्याशी बोलते, चहाही देते. फक्त माझी सायकल दारात लागली की ती अजून आधी झाकणाकडे बघते आणि मग माझ्याकडे.